सत्तर हजारांच्या यंत्राची किंमत

बीएडला माझे विषय उर्दू आणि मराठी. गणिताचा आणि माझा संबंध दहावीच्या निकालाबरोबर सुटला होता. पण आपल्याकडे खानदानात एखादी बाई शिक्षिका झाली की घराघरातले हिशेब तिच्याकडे चालत येतात. जकात किती निघते, वारसाहक्कात बहिणीचा वाटा किती, वीजबिलात हा कसला आकार लावलाय, सगळं. ‘तू शिकवतेस ना’ एवढं कारण पुरतं. २०२४ च्या मे महिन्यात, शाळेला सुटी असताना, असाच एक हिशेब आला आणि त्याने माझे पंधरा दिवस खाल्ले. प्रश्न साधा होता. बिटकॉइन काढायचं वापरलेलं यंत्र घ्यायचं असेल तर त्याला किती पैसे द्यावेत?

विचारणारा माझा भाचा. आम्ही मालेगावचे. आपाच्या घरी आठ लूम होते. दूल्हाभाई वारल्यावर तिने ते तीन वर्षं चालवले, मग कापडाचा भाव आणि सुताचा भाव यांचा मेळ बसेना म्हणून चार विकले. लूम विकले म्हणजे काय, ते भंगारात गेले. हातोड्याने फोडून, बिडाचं वजन करून. आमच्या गल्लीत तो आवाज आता नवा राहिलेला नाही. त्या चार लूमचे आणि थोडे साठवलेले मिळून आपाकडे सव्वादोन लाख रुपये होते. शेडची अर्धी जागा रिकामी पडली होती, आणि भाच्याच्या मोबाईलवर एका दुसऱ्या शहरातल्या विक्रेत्याचा मेसेज होता: अँटमायनर एस-१९, ९५ टेराहॅश, वापरलेलं, पंचाहत्तर हजार. तीन घेतली तर सत्तरला एक.

“खाला, कितने तक लेना चाहिए?” त्याने विचारलं. घ्यावं की नाही, हे त्याने विचारलं नव्हतं. ते त्याच्या मनात ठरलेलं होतं. घासाघीस किती करायची तेवढंच त्याला हवं होतं.

मला त्याचा प्रश्नच जास्त आवडला. ‘घेऊ नकोस’ असं म्हणणारे मामू, चाचा, शेजारी त्याला भरपूर भेटले होते. एकानेही कागद पुढे ओढला नव्हता.

आधी शब्दाचं बघू, कारण तिथूनच घोळ सुरू होतो. या कामाला ‘मायनिंग’ म्हणतात, म्हणजे खाणकाम. (उर्दूत खाणीला ‘कान’ म्हणतात, हा शब्द आला की आमच्या वर्गात मराठीचा विचार करणारी पोरं हसतात.) खाण म्हटलं की जमिनीत कोळसा पडलेला आहे, जास्त मजूर लावले की जास्त निघेल, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. इथे तसं नाही. बिटकॉइनमध्ये साधारण दर दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, वहीत जोडला जातो. तो जोडण्यासाठी जगभरातली यंत्रं एक आकडा शोधत असतात. शोधणं म्हणजे अक्कल नव्हे, निव्वळ अंदाजांचा मारा. ९५ टेराहॅश म्हणजे सेकंदाला ९५ लाख कोटी अंदाज. ज्याचा अंदाज लागतो त्याला बक्षीस. एकट्याचा नंबर लागायला जन्म जाईल, म्हणून लोक यंत्रं एकत्र जोडतात, त्याला पूल म्हणतात, आणि बक्षीस मेहनतीच्या हिश्शाने वाटून घेतात.

भाच्याला मी हे लूमच्या भाषेत सांगितलं. समज, साऱ्या मालेगावात मिळून दिवसाला ४५० ताकेच निघतील असं ठरलेलं आहे. शंभर लूम असोत की लाख, ताके ४५०. उद्या कोणी नवे, झपाट्याने चालणारे दहा हजार लूम बसवले तर ताके वाढणार नाहीत. तुझा लूम तेवढाच धडधडेल, तेवढीच वीज खाईल, पण त्याच्या वाट्याला कापड कमी येईल. आपल्या धंद्यात शेजाऱ्याने लूम वाढवले तर कापडाचा भाव पडतो. इथे तुझ्या लूममधून कापडच कमी निघतं.

४५० हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. २००९ मध्ये सुरुवात झाली तेव्हा एका ब्लॉकला ५० बिटकॉइन मिळत. दर २ लाख १० हजार ब्लॉकनंतर हे बक्षीस निम्मं होतं. २०१२ मध्ये २५ झालं, २०१६ मध्ये साडेबारा, २०२० मध्ये सव्वासहा. २० एप्रिल २०२४ ला ते ३.१२५ झालं, म्हणजे भाच्याला मेसेज येण्याच्या महिनाभर आधी. दिवसाला १४४ ब्लॉक गुणिले ३.१२५, म्हणजे ४५०. वर व्यवहारांची थोडी फी मिळते, पण पूलवालाही आपली फी कापतो, म्हणून ती मी सोडून दिली.

विक्रेत्याकडे एप्रिलनंतर एकाएकी इतकी वापरलेली यंत्रं विकायला का आली, हे एवढ्यावरून कळायला हवं. एका रात्रीत त्यांची कमाई अर्धी झाली होती आणि वीजबिल होतं तेवढंच राहिलं होतं.

आता हिशेब. त्या महिन्यात जगभरातल्या यंत्रांची मिळून ताकद ६०० एक्साहॅशच्या आसपास होती, म्हणजे ६० कोटी टेराहॅश. त्यात आपलं यंत्र ९५. भागाकार करून ४५० ने गुणलं की दिवसाला ०.००००७१ बिटकॉइन. एका बिटकॉइनचा भाव आम्ही ५५ लाख रुपये धरला. दिवसाची कमाई आली ३९१ रुपये. भाचा खूश झाला. तीन यंत्रांचे अकराशेच्या वर, महिन्याचे पस्तीस हजार! माझ्या सुरुवातीच्या पगाराशी तुलना करून पाहा म्हणाला. मी पाहिली नाही.

मग वीज. हे यंत्र ३,२५० वॉट खातं. हजार वॉटच्या तीन इस्त्र्या रात्रंदिवस चालू ठेवाव्यात तसं. लूमची मोटर एक अश्वशक्तीची धरली तर एक यंत्र म्हणजे चार मोटारींपेक्षा जास्त. चोवीस तासांत ७८ युनिट. ३९१ भागिले ७८, उत्तर पाच रुपये. म्हणजे वीज पाच रुपये युनिटने पडली तर हाती शून्य. घरगुती मीटरवर महिन्याला पाचशे युनिट ओलांडली की काय दर लागतो ते ज्याच्याकडे एसी आहे त्याला विचारा. आपण दहाच धरू. दिवसाचे ७८० रुपये बिल, ३९१ ची कमाई. अशा यंत्राला किती पैसे द्यावेत? कोणी फुकट दिलं तरी ते चालू करू नये, एवढी त्याची किंमत.

“घरचं मीटर कोण लावतंय, खाला,” तो म्हणाला. “शेडचं आहे ना.”

इथे गोष्ट वेगळी झाली. लूमला सरकार सवलतीच्या दराने वीज देतं हे वाचकांना माहीत असेल. आपाच्या शेडची मागची बिलं काढून सरासरी पाहिली तर युनिट चार रुपयांच्या आसपास पडत होतं. चार गुणिले ७८, ३१२. दिवसाला एका यंत्रामागे ७९ रुपये उरतात. सत्तर हजारांची वसुली व्हायला ८८६ दिवस, जवळजवळ अडीच वर्षं. यात यंत्र एक दिवसही बंद पडायचं नाही, मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत पत्र्याच्या शेडखाली तापायचं नाही, आणि जगात कोणीही नवं यंत्र बसवायचं नाही.

पण बसवणारे तर बसवतातच. २०२२ च्या सुरुवातीला ही जागतिक ताकद २०० एक्साहॅशच्या आसपास होती, २०२४ च्या मेमध्ये ६००. सव्वादोन वर्षांत तिप्पट. त्यातच कंपनीने एस-२१ नावाचं नवं यंत्र आणलेलं. ते ३,५०० वॉटमध्ये २०० टेराहॅश देतं, म्हणजे जवळजवळ तेवढ्याच विजेत दुपटीहून जास्त काम. आपण ज्याला यंत्र म्हणून घेणार होतो ते त्याच्या पुढे हातमाग होतं.

म्हणून मी या वाढीपायी कमाई महिन्याला तीनच टक्क्यांनी घटेल असं धरलं. मागच्या वाढीपेक्षा कमी, म्हणजे भाच्याच्या बाजूने. पहिल्या महिन्यात २,३७० रुपये उरतात, दुसऱ्यात २,०१८, तिसऱ्यात १,६७७. आठव्या महिन्यात ११८ रुपये. नवव्यात यंत्र खिशातून पैसे मागायला लागतं. आठ महिन्यांची बेरीज साडेनऊ हजारांच्या थोडी वर. भाच्याने ती बेरीज तीनदा केली. मला बरं वाटलं. मुलांनी उत्तर पुन्हा तपासावं म्हणून मी वर्गात घसा कोरडा करते.

“भाव वाढला तर? बिटकॉइन कोटीला गेलं तर?”

प्रश्न रास्त आहे. पण यंत्राचा भाव नाण्याच्या मागोमागच चालतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या जवळ पोहोचलं, तेव्हा याच जातीचं एस-१९ प्रो दहा हजार डॉलरच्या घरात विकलं जात होतं. वर्षभराने नाणं १६ हजारांवर आलं आणि तीच यंत्रं मातीमोल झाली. अमेरिकेतल्या कोअर सायंटिफिक या भल्यामोठ्या कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्याकडे इंजिनियर होते, स्वस्त वीज होती, आपल्यापेक्षा बरे हिशेबनीस होते. नाणं वर जाईल असा ज्याचा पक्का विश्वास आहे त्याने सरळ नाणं घ्यावं. दोन लाख दहा हजारांत त्या दिवशी ०.०३८ बिटकॉइन येत होतं. तेवढंच नाणं या तीन यंत्रांतून, वीजबिल वजा जाता, निघायला तेच ८८६ दिवस लागणार. नाणं घे असं मी त्याला सांगितलं नाही, पुढेही सांगणार नाही. पण यंत्र घेण्यासाठी ‘नाणं वाढेल’ हे कारण देता येत नाही, एवढं त्यालाही पटलं.

कराचा रकाना मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या विक्रीवर ३० टक्के कर आहे, सेस धरून ३१.२. यात फक्त खरेदीची किंमत वजा होते, दुसरा कोणताच खर्च नाही. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये लोकसभेत सरकारने सांगून टाकलं की मायनिंगसाठी उभारलेल्या यंत्रणेचा खर्च ही खरेदीची किंमत धरली जाणार नाही. म्हणजे विकून आलेल्या ३९१ रुपयांवर १२२ रुपये कर. सवलतीची वीज वापरूनही दिवसाला ४३ रुपये तोटा.

भाचा हसला. “टॅक्स कौन भरता है खाला इसमें?”

त्याच्या हसण्यात मला लबाडी दिसली नाही. चोवीस वर्षांचा मुलगा आहे, त्याच्या आसपास जे चालतं ते तो बोलला. पण मग कागदावर काय उरलं ते बघा. कर भरला आणि विजेचा खरा दर दिला तर यंत्राची किंमत उणे. कर चुकवला आणि लूमसाठी मिळालेली वीज दुसऱ्या कामाला वापरली, तर साडेनऊ हजार. ते साडेनऊ हजार यंत्राचे नव्हतेच.

बिटकॉइन हलाल की हराम, यावर आलिमांचं एकमत नाही. इजिप्तच्या मुफ्तींनी २०१८ च्या सुरुवातीलाच मनाई सांगितली, इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०२१ मध्ये चलन म्हणून वापर हराम ठरवला. दुसरीकडे तो मान्य करणारेही अभ्यासक आहेत. त्या वादात पडायची माझी ऐपत नाही. पण विजेच्या बाबतीत मला कोणाच्या फतव्याची गरज वाटली नाही. ज्या कामासाठी म्हणून एखादी गोष्ट दिली त्या कामासाठीच ती वापरायची, याला आपण अमानत म्हणतो. इराणमध्ये २०१९ साली मशिदींना मिळणाऱ्या फुकटच्या विजेवर अशी यंत्रं चालवल्याच्या बातम्या आल्या होत्या. पुढे २०२१ च्या उन्हाळ्यात तिथे शहरांची वीज जाऊ लागली तेव्हा सरकारने चार महिने मायनिंगच बंद केलं. मी हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो गप्प राहिला. मग जे बोलला ते मला आजही टोचतं.

“खाला, त्या सवलतीवर लूम चालवले तरी अम्मीला तोटाच झाला ना. मग ती वीज काय कामाची?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. जो मुलगा चार लूम फुटताना बघून शेडमध्ये परत आलाय त्याला अमानतीवर व्याख्यान देणं सोपं आहे. त्याचं म्हणणं खोटंही नाही. सुताचा भाव वाढतो, मजुरी तिथेच राहते, कांडी भरणाऱ्या बायकांच्या हातात दिवसभराचे किती पडतात ते सांगायलाही लाज वाटते. अशा वेळी कोणीतरी सांगतं, एक डबा लाव, तो रात्री तू झोपलास तरी पैसे काढेल. माल विकायला जायचं नाही, व्यापाऱ्याची उधारी नाही, मजूर नाही. त्या सत्तर हजारांत यंत्राबरोबर हे स्वप्नही विकलं जातं, आणि स्वप्नाला युनिट लागत नाहीत.

विक्रेत्याने मधल्या काळात दुसरी गळ टाकली. जुनं नको असेल तर नवं बुक करा, निम्मे आत्ता द्या, माल तीन महिन्यांनी. आमच्याकडे बैअ-सलमचा नियम शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतो: पैसे आधी द्यायचे तर माल किती, कसा आणि कधी, हे नक्की हवं. पिकण्याआधी झाडावरचं फळ विकू नये ही हदीसही बहुतेकांनी ऐकलेली असते. या यंत्राच्या बाबतीत तर उशीर म्हणजे नुसता उशीर नसतो. तीन महिन्यांनी येणारं यंत्र वाटेतच जुनं झालेलं असतं, कारण ते धडधडायला लागेपर्यंत जगात बाकीची बसलेली असतात. अमेरिकेत बटरफ्लाय लॅब्ज नावाच्या कंपनीने असंच आगाऊ पैसे घेऊन यंत्रं फार उशिरा दिली किंवा दिलीच नाहीत, म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये तिच्यावर कारवाई केली होती. मी भाच्याला एवढंच म्हटलं, सहा महिने आधीचं दूध कोणी बुक करतं का?

या सगळ्या काळात आपा फारशी बोलली नव्हती. टेराहॅश वगैरे तिला कळत नाही, कळून घ्यायची तिची इच्छाही नाही. एका दुपारी तिने चहा ठेवताठेवता विचारलं, “बंद पडलं तर भंगारात किती येईल?”

दूल्हाभाई जुना लूम बघायला जात तेव्हा आधी हेच विचारत. बीड किती किलो, आजचा भाव काय. तेवढी रक्कम खालची पायरी. त्यावर जे द्यायचं ते लूम किती वर्षं चालेल, किती मीटर काढेल यावर. भंगाराच्या भावाहून फार वर गेलेला सौदा त्यांनी कधी केला नाही, असं आपा म्हणते; बायका मरहूम नवऱ्याबद्दल जे म्हणतात त्यातलं थोडं कमी करून घ्यावं, पण चार लूम विकून तिच्या हाती खरंच पैसे आले होते. या यंत्राचं वजन पंधरा किलोच्या आसपास. वर ॲल्युमिनियमचं खोकं, आत चिपांच्या पट्ट्या आणि पंखे. त्या चिपा एकच काम करू शकतात. त्यांच्यावर ना सिनेमा बघता येतो ना शाळेचं काम होतं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियमने मायनिंगच बंद केलं, तेव्हा त्याच्या कामाला लावलेली ग्राफिक कार्डं निदान गेम खेळणाऱ्या पोरांना विकता आली. एस-१९ कोणाला विकणार? भंगारवाल्याकडे भाचा स्वतः विचारून आला. नक्की आकडा सांगत नाही, पण त्यात आपाची महिन्याची दवाही आली नसती.

त्याच रात्री त्याने विक्रेत्याला मेसेज केला: एका यंत्राचे नऊ हजार देतो. पलीकडून हसण्याचे तीन चेहरे आले आणि नंबर ब्लॉक झाला. दोन दिवस भाचा माझ्याशी धड बोलला नाही. विक्रेत्याचा राग की माझा, हे मी विचारलं नाही.

सव्वादोन लाख अजून बँकेत आहेत. उरलेले चार लूम चालू आहेत, कधी दिवसाला, कधी दोन पाळ्या. मध्ये तो वापरलेल्या रेपियर लूमची चौकशी करून आला. माझ्याच वहीचं पुढचं पान त्याने घेतलंय, रकाने तेच पाडलेत: मागणी किती, दिवसाला मीटर किती, युनिट किती, कर, दुरुस्ती आणि सगळ्यात वर, आपाने पाडायला लावलेला, भंगाराचा भाव. मीटरला मजुरी किती धरायची यावरून दोघा मायलेकरांचं काल पुन्हा वाजलं. आपा म्हणते तो जास्त धरतोय. तो म्हणतो, अम्मी, कमी धरली तर कारागीर टिकेल का?